हिरव्या खोडाचं झाड

पेंटरने जन्मात एकच पाटी रंगवली, आणि तीही दुसऱ्या दिवशी खरवडून काढावी लागली. तरी गल्लीने तेव्हापासून त्याला पेंटर म्हणायला जी सुरुवात केली, ती चाळिशी उलटली तरी थांबली नाही. खरे पेंटर त्याचे वडील. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्यांच्या हातचं. अक्षर असं वळणदार, की गिऱ्हाईक पाटीच वाचत उभं राहायचं आणि दुकानात शिरायचं विसरायचं. पण त्यांना कोणी पेंटर म्हणत नसे, सगळे मास्तर म्हणत. पेंटर हे नाव पोराला मिळालं, आणि ते चिडवायला.

झालं असं, की एका नर्सरीवाल्याची पाटी होती. रोपं विकणारा माणूस, त्याला नावाच्या शेजारी एक मोठं झाड हवं होतं. मास्तरांनी अक्षरं पूर्ण केली, झाड खडूने आखून ठेवलं आणि जेवायला निघाले. पोरगं मिसरूड फुटायच्या वयाचं. त्याला म्हणाले, एवढं भरून ठेव. मास्तरांच्या रंगाच्या डब्यांवर कधी चिठ्ठी नसायची. डोळे असलेल्या माणसाला चिठ्ठी कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं. पोराने दातांत जीभ धरून, श्वास रोखून, पान न् पान भरलं. मास्तर परत आले तेव्हा झाड तयार होतं. खोड हिरवंगार आणि पानं तपकिरी.

पाठोपाठ नर्सरीवालाही आला. तो आधी नुसता बघत राहिला, मग हसायला लागला, आणि इतका हसला की बिचाऱ्याला पायरीवर बसावं लागलं. असलं रोप माझ्याकडे नाही बाबा, कुठे मिळालं तर मलाही आण, म्हणाला. हां हां म्हणता गल्ली गोळा झाली. मास्तरांनी पोरावर हात उगारला नाही. त्यांनी ब्रश पुसला, डब्याची झाकणं लावली आणि म्हणाले, "तुझं लक्षच नाही. घरी जा." त्यानंतर त्यांनी पोराच्या हातात ब्रश म्हणून दिला नाही. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचे, की त्याला कशात रसच नाही.

आता गंमत अशी, की पोरालाही तेच खरं वाटलं. आपण डबे उचलताना घोटाळा केला, आपलंच चुकलं. त्याचा हिशेब साधा होता. लोक म्हणतात गर्द हिरवी झाडी, मग जो गडद दिसतो तो हिरवा आणि जो फिका तो तपकिरी. हा नियम त्याने स्वतःच्या मनाने केला होता आणि तो चुकला असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. त्याला ते दोन्ही रंग मातकटच दिसायचे, एक जरा जास्त, एक जरा कमी. सगळ्यांना तसंच दिसतं, फक्त आपलं लक्ष नसतं, असं धरून तो मोठा झाला.

खरं काय ते कळलं गाडी चालवायचा परवाना काढताना. डोळे तपासणाऱ्याने ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि आकडा वाचायला सांगितला. पेंटरने पान जवळ घेतलं, लांब धरलं, वळवून बघितलं. ठिपके भरपूर, आकड्याचा पत्ता नाही. तपासणाऱ्याने पुस्तक मिटलं आणि शांतपणे सांगितलं, तुम्ही रंगांधळे आहात, जन्मापासूनच. परवाना हुकला आणि त्यासोबत ठरलेली ड्रायव्हरची नोकरीही गेली. घरी त्याने सांगितलं, डोळ्यांचा नंबर निघाला. मास्तरांना खरं सांगावं असं फार वाटलं, पण इतक्या वर्षांनी सांगायचं म्हणजे जुन्या चुकीवर पांघरूण घालायला सबब शोधली असंच दिसलं असतं. तो गप्प राहिला तो राहिलाच.

लग्न झाल्यावर बायकोला मात्र महिन्याभरात कळलं. नवरा एका पायात एक मोजा आणि दुसऱ्या पायात भलताच घालून ऐटीत निघालेला तिने पाहिला. तिने आरडाओरडा केला नाही, त्याच्या मोज्यांना आतून टाके घातले. एका जोडीला एक टाका, दुसरीला दोन. अहो, एकदा बाबांना सांगून टाका, असं ती अधूनमधून म्हणायची आणि तो बघू म्हणायचा. तिच्या शिवणकामावर घर चालत होतं. त्याचं कुठे बस्तान बसत नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात तो चांगला रमला होता, काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं, डोक्याला ताप नाही. मग मालकाने रंगीत मशीन आणलं. एका बाईच्या लग्नपत्रिकेचा रंग भलताच निघाला आणि पेंटरने तो बरोबर आहे म्हणून छातीठोकपणे तिच्या हातात ठेवला. तिथूनही गच्छंती. मास्तर ओसरीवर बसून म्हणाले, याचं कुठे टिकायचं नाही.

अशा वेळी त्याने प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, जिन्यात रबराचा वास. फळकुटावर लिहिलेलं, संगणक दुरुस्ती आणि नेटवर्किंग. आत लांब बाकांवर उघडी पडलेली मशीनं, पोटातल्या वायरी बाहेर आलेल्या. शिकवणाऱ्या मॅडम पेंटरपेक्षा वयाने लहान, पण बोलणं असं रोखठोक की वर्गात चुळबूळ करायची कोणाची टाप नव्हती. वर्गात पोरंटोरं होती, एक निवृत्त शिपाई होते आणि एक वहिनी होत्या. त्यांच्या दिराने त्यांना वर्गात आणून सोडलं तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडून नाव ऐकलं ते वहिनी, म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. घरचा संगणक दुरुस्त करायला येणारा माणूस दर खेपेला नवीनच काहीतरी बिघडवून जायचा, तेव्हा त्यांनी चिडून ठरवलं होतं, आता मीच शिकते. आणि पेंटर हे नाव खालच्या चहावाल्याने पोचवलं. तो गल्लीतलाच.

दुरुस्तीत पेंटरचा हात चालला. मशीन सुरू होत नसेल तर मॅडम म्हणायच्या, आधी ऐका. सुरू होताना संगणक जी शिट्टी देतो ती ऐकून पेंटर सांगायचा, मेमरी नीट बसली नाही. काढायचा, खोडरबराने पट्टीचे पितळी दात पुसायचा, परत बसवायचा, पडदा उजळायचा. जळका वास आला की पॉवर सप्लाय उघडायचा. इथे रंगाचं काही काम नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्याला सकाळी घरातून निघायची घाई व्हायला लागली. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण नजर लागेल म्हणून ती काही बोलली नाही.

मग नेटवर्किंग आलं आणि पेंटरसमोर परत रंग आले. मॅडमनी केबल सोलून दाखवली. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी आपसात पिळलेली. नारिंगी, निळी, हिरवी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक पूर्ण रंगाची तार आणि एक पांढरी, त्यावर त्याच रंगाची रेघ. ठरलेल्या क्रमाने आठही तारा लावायच्या, टोकाला कनेक्टर दाबायचा, झालं. भिंतीवर रंगीत तक्ता लावला होता. नारिंगी त्याला उजळपणावरून ओळखता आली, निळी तर सरळच दिसली. राहिल्या दोन. त्याने जुनाच नियम काढला, दुसरा होताच कुठे. गडद ती हिरवी.

तक्त्यात हिरव्याच्या जागी तपकिरी आणि तपकिरीच्या जागी हिरवी, असं त्याने एक टोक केलं. दुसरं टोकही तसंच केलं. टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे दोन छोट्या डब्या, दोन टोकांना लावायच्या, त्यावर एकापाठोपाठ दिवे लागतात. पेंटरच्या केबलवर दिवे एक ते आठ ओळीने लागले, एकही चुकला नाही. का चुकेल? दोन्हीकडे सारखाच घोटाळा असेल तर वीज बिचारी काय तक्रार करणार? तार या टोकाला जिथे शिरते तिथेच त्या टोकाला निघते. रंगाशी तिला काही देणंघेणं नाही. पेंटरला मात्र वाटलं, नियम बरोबर निघाला. त्याच्या जिवात जीव आला.

तरी मनात कुठेतरी धाकधूक होतीच. म्हणून त्याने एक सवय लावून घेतली. केबल त्याने घेतली की दोन्ही टोकं तोच करायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. सोलायचा, एका झटक्यात चारी जोड्यांचे पीळ उकलायचा, तारा सरळ करायचा आणि दाबायचा. वर्गात सगळ्यांत आधी त्याचीच तयार. मॅडमना वाटायचं, केवढी जबाबदारीची जाणीव. त्या पोरांना म्हणायच्या, काम करावं तर पेंटरसारखं, सुरू केलं की शेवटपर्यंत आपलं. पेंटर मान खाली घालायचा. पोरांना तो विनय वाटायचा.

शेवटी शेवटी मॅडमनी जाहीर केलं, की केंद्राकडे बाहेरची कामं येतात, कार्यालयं, शाळा, दवाखाने, त्यासाठी त्यांना या तुकडीतून एक माणूस कायमचा हवा आहे. नव्या वाचनालयाचं काम हीच परीक्षा. कोणाला घ्यायचं ते तिथे ठरेल. सगळ्यांनी पेंटरकडे पाहिलं. घरी त्याने सांगितलं तेव्हा बायकोने हातातलं कापड खाली ठेवलं. मास्तर म्हणाले, मिळाली की सांग. एवढंच. पेंटरला रात्रभर ते तीन शब्द पुरले.

वाचनालय दुमजली. खाली जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यात सगळ्या केबलींची एक बाजू येणार. वर वाचायच्या खोलीत भिंतीला सॉकेट, त्यात दुसरी बाजू. कपाटातल्या पट्टीवर तारा एकेक करून दाबायच्या, बाजूला रंगांची खूण असते. मॅडमनी काम वाटून दिलं. पेंटरचा हात साफ, म्हणून कपाट त्याच्याकडे. वरचे सॉकेट वहिनींकडे. बाकीचे केबल ओढायला आणि भिंतीला पट्ट्या ठोकायला.

पेंटर मॅडमच्या मागे गेला. तो म्हणाला, वरचंही मीच करतो, वहिनींना कशाला त्रास. मॅडम म्हणाल्या, उद्या उद्घाटन आहे, एका माणसाने दोन्हीकडे पळायचं म्हणजे कधी होणार? तो म्हणाला, मी लवकर करतो. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, पेंटर, कपाट. त्यावर बोलायची सोय नव्हती. तो जिन्याखाली गेला, दिवा लावला आणि नेहमीसारखं झटक्यात पीळ उकलत, गडद ती हिरवी, गडद ती हिरवी म्हणत दुपारपर्यंत पट्टी भरून मोकळा झाला. काम दिसायला इतकं नेटकं होतं, की शिपाईकाकांनी पोरांना बोलावून दाखवलं.

वर संगणक लावले. एकही जोडला जाईना. सगळ्यांच्या पडद्यावर तीच लाल फुली. वाचनालयाचे प्रमुख हात मागे बांधून उभे होते, ते नुसते घसा खाकरले. टेस्टर त्या दिवशी दुसऱ्या तुकडीकडे गेला होता. मॅडमनी काही उघडून बघायच्या आधीच ठरवून टाकलं. सॉकेटवर रंगांच्या दोन ओळी असतात, वरची एक पद्धत, खालची दुसरी, नवशिका हमखास चुकीची ओळ वाचतो. त्यांनी वहिनींना विचारलं, कुठली ओळ घेतली? वहिनी म्हणाल्या, खालचीच, तुम्ही सांगितली तीच. मॅडम म्हणाल्या, मग सगळे बंद कसे? खाली पेंटर होता, तिथे चूक असायचा प्रश्नच नाही. उघडा सगळे. परत करा.

वहिनी एरवी बोलायला लागल्या की थांबत नसत. आज त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. त्या भिंतीजवळ बसल्या आणि पहिल्या सॉकेटचे स्क्रू काढायला लागल्या. पेंटर दारात उभा होता. त्याने बघितलं, की त्या ओळ बघतात, तार बघतात, परत ओळ बघतात. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. ही नजर त्याच्या ओळखीची होती. नर्सरीवाल्याच्या पाटीसमोर उभं राहून त्यानेही असंच डब्यांकडे बघितलं होतं, कुठे लक्ष चुकलं ते शोधत.

गप्प राहिला असता तर? वहिनींनी सगळं परत केलं असतं, तरी चाललं नसतं, आणि मग सगळ्यांनी त्यांनाच नावं ठेवली असती. घरी जाऊन त्यांनी दिराला सांगितलं असतं, की नाही जमत. आणि जागा पेंटरला मिळाली असती. हे सगळं त्याला दारात उभ्याउभ्या लख्ख दिसलं. पळून जावंसं वाटत होतं.

"त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "माझं टोक चुकलंय. मला हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नाही."

सगळे त्याच्याकडे वळले. मग शिपाईकाका म्हणाले, पण तुझ्या केबली तर चालतात. पेंटरने सांगितलं, दोन्ही टोकं माझी असतात म्हणून चालतात. मॅडम त्याला घेऊन खाली गेल्या, कपाटाची पट्टी बघितली, ओळीने सगळीकडे हिरव्याच्या खुणेवर तपकिरी तार बसलेली. शाबासकी दिलेल्या सगळ्या केबली त्यांना आठवल्या असणार. मग त्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का?"

मॅडमनी पट्टीवरच्या एका तारेवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "बाहेर कुठेही दोन्ही टोकं एकाच माणसाची नसतात, पेंटर. दुसऱ्याचं टोक तुमच्या भरवशावर असतं." रागाने नाही म्हणाल्या, पण ते त्याला रागापेक्षा जास्त लागलं. मग त्यांनी पट्टी परत भरायचं काम त्यालाच दिलं. जमलं तर ठीक, नाही तर दुरुस्तीचं प्रमाणपत्र मिळेल, पण जागेचं विसरा, असं स्पष्ट सांगितलं.

पेंटर पट्टीपुढे बसला. थोड्या वेळाने वहिनी जिन्याखाली आल्या आणि काही न विचारता शेजारी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, मी रंग सांगते, तुम्ही दाबा. त्याला शरमेने मान वर करता येईना. तो म्हणाला, तुम्हाला माझ्यामुळे बोलणी बसली. वहिनी म्हणाल्या, ती मी घरीही खाते, सवय आहे, तुम्ही तार धरा. त्या परत पहिल्यासारख्या बोलायला लागल्या होत्या.

लावलेल्या तारांची टोकं कापून केबल नव्याने सोलायची होती. या वेळी वहिनींनी त्याला झटका मारू दिला नाही. थांबा हो, जोडी सुटली की माझाही गोंधळ होतो, म्हणाल्या. त्यामुळे पेंटर प्रत्येक जोडी पिळलेलीच चिमटीत धरून बसायचा, वहिनी रंग सांगायच्या, मग तो उकलायचा. हिरवी. तपकिरी. पुढची केबल, परत हिरवी, परत तपकिरी. होता होता त्याच्या लक्षात आलं, की वहिनींनी हिरवी म्हणायच्या आधीच त्याच्या बोटांना काहीतरी कळतंय. एका जोडीचा पीळ घट्ट, जवळजवळ. दुसरीचा सैल, लांबलांब. त्याने पुढची केबल घेतली आणि वहिनींना डोळे मिटायला सांगितलं. म्हणाला, आता मी सांगतो, मग तुम्ही बघा.

"ही हिरवी."

वहिनींनी डोळे उघडले. हिरवी होती. पुढची घेतली, तीही. मग वहिनींनी मुद्दाम केबली उलटसुलट करून दिल्या, त्याला फसवायला. तो फसला नाही. चारी जोड्यांचे पीळ वेगवेगळे ठेवलेले असतात, एकीतला संदेश दुसरीत घुसू नये म्हणून. मॅडमनी हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं आणि पेंटरने ते पाठही केलं होतं. पण हातात आली केबल की पहिलं काम काय, तर झटक्यात पीळ उकलून टाकायचे. लवकर करतो म्हणून जी वाहवा मिळवली, तिनेच इतके दिवस त्याच्या बोटांना काही कळू दिलं नव्हतं. जोडी कळली की तिच्यातली पांढरी कुठली ते तर त्याला दिसायचंच.

पट्टी भरून झाली तेव्हा खिडकीतलं ऊन खाली उतरलं होतं. टेस्टरही परत आला होता. मॅडमनी स्वतः वर जाऊन प्रत्येक सॉकेटला डबी लावली आणि वहिनींनी खालून आकडे ओरडून सांगितले. सगळे ओळीने. संगणक जोडले गेले, प्रमुखांनी हात मागून पुढे घेतले. पेंटरने मॅडमना पिळाचं सांगितलं. त्यांनी केबलचा एक तुकडा घेतला, डोळे मिटून चाचपून बघितला, आणि मग शिक्षिकेलाच सुचावा असा प्रश्न विचारला. दुसऱ्या कंपनीच्या केबलमध्ये पीळ वेगळे असले तर काय करणार?

"विचारीन," पेंटर म्हणाला. "सोबत जो असेल त्याला आधी सांगीन, मला दिसत नाही, आणि विचारीन."

मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, वहिनी आणि तुम्ही, दोघं सोमवारी या. एक माणूस हवा होता ना, असं शिपाईकाकांनी विचारलं, तर म्हणाल्या, टोकं दोन असतात.

पेंटर घरी आला तेव्हा मास्तर ओसरीवर नेहमीच्या खुर्चीत होते. आता त्यांचा हात थरथरायचा, ब्रश सुटून बरीच वर्षं झाली होती, पण समोरच्या दुकानाची छापील पाटी बघून अजून रोज नाक मुरडायचे. पेंटरने सांगितलं, मिळाली. मास्तर म्हणाले, बरं झालं. तो आत गेला नाही. बायको दारात येऊन उभी राहिली, त्याचा चेहरा बघून तिने ओळखलं आणि ती तिथेच थांबली. वाचनालयात एकदा तोंडातून निघालं होतं, आता ते दुसऱ्यांदा काढायला तेवढं जड गेलं नाही. त्याने सगळं सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, गेलेला परवाना, मोज्यांचे टाके, उलटी भरलेली पट्टी.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. मग समोरच्या दाराकडे बोट करून विचारलं, तो कुठला रंग? पेंटर म्हणाला, मातकट. त्याच्या शेजारची कुंडी? तीही मातकट, जरा फिकी. कुंडीतलं झाड? तेही तसंच. मास्तर गल्लीतली एकेक वस्तू विचारत गेले आणि पेंटर सांगत गेला. लहानपणीही त्यांनी त्याला इतके प्रश्न कधी विचारले नव्हते. पेंटरने खिशातून केबलचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी थरथरत्या बोटांनी पीळ चाचपले, घट्ट कुठला, सैल कुठला, आणि तुकडा तसाच मुठीत धरून ठेवला.

"ते नर्सरीचं झाड," मास्तर म्हणाले. "तुला ते बरोबर दिसत होतं?"

"हो. मला चांगलं जमलं असंच वाटलं होतं."

"चांगलंच भरलं होतंस," मास्तर म्हणाले. "रेघेबाहेर एक थेंब नव्हता. ते मी तेव्हाच बघितलं होतं रे. आणि तुझं लक्ष नाही म्हणालो."

पेंटर त्यांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसला. बायकोने आतून दोघांना चहा आणून दिला. मास्तरांचा कप हिंदकळला तेव्हा पेंटरने खालून बशी धरली, आणि चहा संपेपर्यंत ती तशीच धरून ठेवली.